कोल्हापूर ते नागपूर : हवाई अंतर किती आणि वेळ किती?

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्य टोकाजवळ कोल्हापूर आणि ईशान्येकडे नागपूर. एका जिल्ह्याच्या सीमेला कर्नाटक लागते, तर दुसऱ्याच्या सीमेला मध्य प्रदेश. नागपूरला दरवर्षी भरणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, विभागीय बैठका, प्रशिक्षण वर्ग, क्रीडास्पर्धा, रुग्णांची ने-आण अशा नाना कारणांनी या दोन शहरांमधील प्रवास शासकीय सेवकांना आणि लोकप्रतिनिधींनाही करावा लागतो. "विमानाने गेले तर किती वेळ लागेल?" हा प्रश्न मग सहजच निघतो. त्याचे उत्तर बहुधा ऐकीव असते. वस्तुतः शालेय भूगोल आणि दहावीची भूमिती एवढ्या सामग्रीवर ते कोणालाही काढता येते. ते कसे काढावे, आणि कागदावर निघालेले उत्तर प्रत्यक्षात का बदलते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जमिनीवरची वाट

प्रथम जमिनीवरील मार्ग पाहू. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत नागपूरला पोहोचते आणि पुढे गोंदियाला जाते. ईशान्येला जावयाचे असताना ही गाडी आरंभी वायव्येकडे धावते, हे नकाशावर पाहिले की ध्यानात येते. नागपूरपर्यंतचा तिचा प्रवास बाराशे किलोमीटरच्या आसपास भरतो व त्यास सुमारे एक अहोरात्र लागते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, परळी, परभणी असा दुसरा लोहमार्ग आहे. तो दिशेच्या दृष्टीने पुष्कळच सरळ. परंतु मिरज ते लातूर हा त्याचा मोठा भाग बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग होता आणि त्याचे रुंदीकरण होईपर्यंत थेट गाडीचा विचारही शक्य नव्हता. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा रस्ता आठशे किलोमीटरहून अधिक आहे. चालकाने मध्ये विश्रांती घेतली, आणि ती घ्यावयासच हवी, तर चौदा-पंधरा तास धरावे लागतात.

आता पक्ष्याच्या वाटेने हे अंतर किती, ते पाहू.

अक्षांश-रेखांशावरून अंतर

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडी येथे आहे. त्याचे स्थान १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांश असे आहे. नागपूरचा सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ २१ अंश ६ मिनिटे उत्तर आणि ७९ अंश ३ मिनिटे पूर्व येथे आहे. येथे मिनिट म्हणजे वेळेचे मिनिट नव्हे, तर अंशाचा साठावा भाग, हे विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगावे. या शब्दाने वर्गात हमखास घोटाळा होतो.

दोन्ही स्थानांच्या अक्षांशांतील फरक ४ अंश २६ मिनिटे, म्हणजे २६६ मिनिटे. नाविकांनी आणि त्यांच्यामागून वैमानिकांनी अंतर मोजण्याचे जे एकक स्वीकारले, तो सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा आहे. म्हणून उत्तर-दक्षिण दिशेने ही दोन ठिकाणे २६६ सागरी मैलांनी दूर आहेत, हे गुणाकार-भागाकार न करताच कळले. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आजही नॉट या मापात, म्हणजे तासाला किती सागरी मैल या हिशेबात वेग सांगतात. त्यामागे परंपरेचा भाग आहेच. परंतु नकाशाच्या उभ्या कडेवरील अंशांवर कर्कटक ठेवून अंतर वाचता येते, ही सोयही लहान नाही.

रेखांशांतील फरक ४ अंश ४६ मिनिटे, म्हणजे २८६ मिनिटे. मात्र रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना परस्परांच्या जवळ येतात, त्यामुळे रेखांशाचे मिनिट हे विषुववृत्तावरच सागरी मैलाएवढे असते. अन्यत्र त्यास त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजेच कोसाइनने गुणावे लागते. आपल्या दोन स्थानांचा मध्य अक्षांश १८ अंश ५३ मिनिटे. त्याची कोज्या ०.९४६. २८६ ला तिने गुणले असता पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २७१ सागरी मैल येते.

आता काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा हाती आल्या : २६६ आणि २७१. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार कर्ण ३७९ ते ३८० सागरी मैल, म्हणजेच सुमारे ७०३ किलोमीटर. कोल्हापूर-नागपूर हवाई अंतर ते हेच. एका सेंटिमीटरला पन्नास किलोमीटर प्रमाणाच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर ही दोन शहरे चौदा सेंटिमीटरांवर दिसतील. विद्यार्थ्यांकडून आधी पट्टीने आणि मग गणिताने अंतर काढून घेतले की दोन्ही उत्तरांचा मेळ बसल्याचा आनंद त्यांना मिळतो.

एक शंका येथे रास्त आहे. पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोणाचा नियम कसा चालेल? गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताची, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाची असते. सातशे किलोमीटरांसारख्या अंतरात आणि आपल्यासारख्या अक्षांशात सपाट गणिताची चूक नगण्य राहते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या अंतरास हे गणित मुळीच लावू नये. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेस आहे असे नकाशा पाहून वाटते. पण मुंबईहून तेथे जाण्याची जवळची वाट वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते.

या सरळ रेषेखाली काय आहे?

दोन्ही भुजा जवळजवळ सारख्या आल्या, याचा अर्थ नागपूर हे कोल्हापूरच्या अगदी ईशान्य दिशेला आहे. ही रेषा नकाशावर आखून पाहावी. ती सांगलीजवळ कृष्णा ओलांडते, पंढरपूरच्या परिसरात भीमा ओलांडते, धाराशिव व अंबाजोगाई यांच्या जवळून जाते आणि परळी-गंगाखेडच्या टापूत तिचा मध्यबिंदू येतो. तेथेच गोदावरी येते. पुढे वसमत, मग पैनगंगा, मग पुसद आणि आर्णी यांच्या मधून जाऊन ती वर्धा नदी ओलांडते व देवळीजवळून नागपूर गाठते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे तिन्ही भाग एका रेषेत ओवले जातात. मुंबई आणि पुणे या रेषेपासून कितीतरी दूर राहतात.

या गोष्टीचे महत्त्व केवळ भौगोलिक नाही. थेट विमानसेवा नसेल, तर कोल्हापूरच्या प्रवाशाला मुंबईमार्गे नागपूर गाठावे लागते. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आणि मुंबई-नागपूर सुमारे ६८० किलोमीटर. एकूण ९९० किलोमीटर. म्हणजे ७०३ किलोमीटरांच्या ठिकाणासाठी चाळीस टक्के अधिक अंतर, शिवाय मुंबईच्या विमानतळावरील तासन्‌तास प्रतीक्षा. आणखी एक गंमत पाहावी. मुंबई-नागपूर आणि कोल्हापूर-नागपूर या दोन अंतरांत जेमतेम वीस किलोमीटरांचा फरक आहे. तरीही पहिला प्रवास सोपा आणि दुसरा कठीण समजला जातो. हा फरक अंतराने केलेला नाही. सेवांच्या जाळ्याने केलेला आहे.

अंतरावरून वेळ

प्रादेशिक मार्गांवर मोठ्या प्रमाणात वापरले जाणारे एटीआर-७२ हे सुमारे सत्तर आसनांचे, दोन पंख्यांचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ७०३ ला ५०० ने भागले की एक तास २४ मिनिटे येतात. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर ५३ मिनिटे. शाळेचे गणित येथे संपते आणि वैमानिकाचे सुरू होते.

पहिली गोष्ट अशी की, हा वेग विमानास सर्वकाळ लाभत नाही. चढताना आणि उतरताना ते मंद असते. प्रवास जितका लहान, तितका या मंद भागाचा वाटा मोठा. दुसरी गोष्ट, वेळापत्रकात छापलेला वेळ हा चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीसाठी थांबणे, उतरल्यावर फलाटापर्यंत येणे हे सारे त्यात येते. तिसरी गोष्ट, विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी व नियंत्रकांच्या सूचनेनुसार जातात, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर काही टक्क्यांनी वाढते. या सर्वांसाठी वीस-पंचवीस मिनिटे जोडावीत. पंख्याच्या विमानाला मग पावणेदोन ते एक तास पन्नास मिनिटे आणि जेटला सुमारे एक तास वीस मिनिटे हा व्यवहारी अंदाज होय.

धावपट्टीच्या दिशेचाही वेळेवर परिणाम होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धावपट्टीच्या टोकावर रंगविलेले आकडे म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या तिच्या दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून. कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५ आहे. अर्थात एका बाजूने ७० अंश, दुसऱ्या बाजूने २५० अंश. नागपूरला जाणाऱ्या विमानाची दिशा ४५ अंशांची. पूर्वेकडे उड्डाण केले की ते जवळजवळ वाटेलाच लागते. परंतु विमान नेहमी वाऱ्याला सामोरे जाऊन उडते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असता त्याला प्रथम पश्चिमेकडे उडून मागे वळावे लागते. नागपूरची धावपट्टी १४-३२ असून ती कोल्हापूरहून येणाऱ्या वाटेला जवळजवळ काटकोनात आहे. तेथे कोणत्याही टोकाने उतरले तरी मोठे वळण घेणे आलेच.

आकाशातील वाऱ्याचा हिशेब तर वर्गात अवश्य करून घ्यावा. समजा, कोल्हापूर ते नागपूर मार्गावर ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीमागून आहे. जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ५५० होईल व अंतर ७७ मिनिटांत कापले जाईल. परतताना तोच वारा समोरून आला, तर वेग ४५० व वेळ ९४ मिनिटे. वारा नसताना जाणे-येणे १६९ मिनिटांत झाले असते. वाऱ्यासह ते १७१ मिनिटांत होते. जाताना मिळालेला लाभ येताना पुरता फिटत नाही, उलट थोडे नुकसानच होते, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. हे उदाहरण पाठ्यपुस्तकातील नावेच्या गणितापेक्षा मुलांना अधिक रुचते, असा अनुभव आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमी वारे वाहतात, तर पावसाळ्यात द्वीपकल्पावर खूप उंचीवर पूर्वेचा वेगवान प्रवाह असतो. म्हणून एकाच मार्गाचा वेळ ऋतुमानाप्रमाणे बदलतो. पंख्याची विमाने सात-साडेसात किलोमीटरांच्या वर जात नाहीत, तेव्हा या उंच प्रवाहांचा प्रभाव त्यांच्यावर कमी.

सूर्य आणि घड्याळ

देशातील सर्व घड्याळे ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. सूर्य मात्र प्रत्येक गावाला वेगळा वेळ देतो. एक अंश रेखांशास चार मिनिटे या प्रमाणात नागपूरचा माध्यान्ह कोल्हापूरच्या १९ मिनिटे आधी होतो. त्यात अक्षांशाचा परिणाम मिळविला म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस नागपूरला कोल्हापूरपेक्षा सुमारे २८ मिनिटे आधी सूर्यास्त होतो. जूनमध्ये हाच फरक दहा मिनिटांवर येतो. ज्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसते, तेथे अशा मिनिटांवर दिवसाची शेवटची फेरी अवलंबून असते. पूर्वेकडून पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाला सूर्य थोडी सवलत देतो, उलट दिशेने जाणाऱ्याकडून ती काढून घेतो.

दोन विमानतळांचा पूर्वेतिहास

कोल्हापूरचा विमानतळ संस्थानकाळातला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये तो सुरू झाला आणि त्यांचेच नाव त्यास देण्यात आले. त्याची धावपट्टी दीर्घकाळ १,३७० मीटर लांबीची होती व ती नंतर वाढविण्यात आली. नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरांची. या दोन आकड्यांतच पुष्कळ काही आले. कोल्हापूरचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते व विमानास अधिक धावावे लागते. धावपट्टी आखूड असेल, तर प्रवासी किंवा इंधन कमी करण्यावाचून गत्यंतर नसते.

नागपूरला हवाई नकाशावर आगळे स्थान मिळाले ते १९४९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेमुळे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परतत. हे शक्य झाले ते निव्वळ अंतरांमुळे. नागपूरहून मुंबई ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९०५ व कलकत्ता ९८५ किलोमीटर. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटर धरला, तर सर्वांत दूरच्या कलकत्त्याहून साडेतीन तासांहून किंचित अधिक आणि मुंबईहून अडीच तास. देशातील चार मोठ्या शहरांच्या मधोमध असल्याचा एवढा प्रत्यक्ष उपयोग दुसऱ्या कोणत्या शहराने केला असेल, असे वाटत नाही. ती सेवा पुढे बंद झाली. आज नागपूर चार महानगरांना जोडलेले आहे. आपल्याच राज्यातील दूरच्या जिल्ह्यांशी ते कसे जोडावे, हा प्रश्न मात्र उरतो.

मिनिटांचे मोल

प्रवास दोन तासांत झाला काय आणि एका अहोरात्रात झाला काय, अहवाल पोहोचतो, बैठक होते. तरीही काही गोष्टी अशा आहेत की ज्यांना थांबता येत नाही. अवयवदानाचे उदाहरण घ्यावे. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय सुमारे चार तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात रक्ताभिसरणास जोडावे लागते. यकृतास आठ ते बारा तास मिळतात. मूत्रपिंडास साधारण एक दिवस. समजा, कोल्हापुरात दाता आहे व रुग्ण नागपुरात. रुग्णालय ते उजळाईवाडी २० मिनिटे, तयार उभ्या असलेल्या जेट विमानाने ८० मिनिटे, सोनेगाव ते रुग्णालय २५ मिनिटे; एकूण दोन तास पाच मिनिटे. प्रत्यक्ष जोडणीच्या शस्त्रक्रियेस एक तास धरला की तीन तास पाच मिनिटे होतात. पंख्याचे विमान असेल तर साडेतीन तास उलटून जातात आणि हाती वीस-पंचवीस मिनिटेच उरतात. धावपट्टीवर दिवे नसले, वारा समोरचा निघाला किंवा शहरातील रस्ता मोकळा करून मिळाला नाही, तर तेवढी मिनिटे सहज निघून जातात. रस्त्याने चौदा तास लागतात म्हणजे हृदय आणि यकृत दोन्ही गेली. आगगाडीने मूत्रपिंडही वेळेवर पोहोचेलच असे सांगता येत नाही. ७०३ हा आकडा अशा वेळी भूगोलाच्या वहीतला राहत नाही.

सेवा टिकावी म्हणून

अशा मार्गांवर प्रवासी कमी आणि खर्च अधिक, म्हणून कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. ही अडचण ओळखून केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रादेशिक संपर्क योजना आखली. ‘उडान’ या नावाने ती परिचित आहे. तिच्याखालील पहिल्या उड्डाणांना २७ एप्रिल २०१७ रोजी आरंभ झाला, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. सुमारे ५०० किलोमीटर किंवा एक तासाच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपये ही भाड्याची मर्यादा आरंभी ठरविण्यात आली. कंपनीस येणारी तूट तीन वर्षे भरून द्यावयाची, तिचा पाचवा हिस्सा राज्याने उचलावयाचा आणि विमानाच्या इंधनावरील राज्याचा कर एक टक्क्यावर आणावयाचा, अशी रचना होती. कोल्हापूरची विमानसेवा २०१८ मध्ये याच योजनेतून पुन्हा सुरू झाली. तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर ठीक. नाही तर सेवा थांबते, आणि अनेक मार्गांच्या बाबतीत तसे घडलेही आहे. आठवड्यातून तीनच दिवस विमान असेल, तर ज्याला तातडी आहे त्याला तास न मोजता दिवस मोजावे लागतात. वेगाइतकीच फेऱ्यांची संख्या महत्त्वाची, हे प्रवासवेळेच्या चर्चेत बहुधा विसरले जाते.

तशीच गोष्ट विमानतळाबाहेरच्या वाटेची. राधानगरीच्या खेड्यातून निघालेला मनुष्य गडचिरोलीस जावयाचा असेल, तर विमानातील पावणेदोन तासांच्या दोन्ही बाजूंना त्याचे सहा-सात तास रस्त्यावर व प्रतीक्षेत जातात.

विमानतळालगतच्या ग्रामपंचायतींकडेही या विषयाचा एक भाग येतो. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, तामगाव यांसारख्या गावांतील कचऱ्याची जागा, मांसविक्रीच्या दुकानांमागील उकिरडे, मोबाइलचे मनोरे आणि उंच इमारती यांचा संबंध थेट विमानाच्या सुरक्षिततेशी असतो. उकिरड्यावर घारी जमतात, आणि उतरणाऱ्या विमानाच्या इंजिनात एखादा पक्षी शिरला तरी उड्डाण रद्द होऊ शकते. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास वा जनावरे कापण्यास १९३७ च्या विमान नियमांनीच मनाई केली. बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी उंचीबाबतचे ना-हरकत प्रमाणपत्र पाहणे हेही ओघाने आलेच. ग्रामसभेत हा विषय क्वचितच निघतो. तो निघावयास हवा.

शिक्षकांनी हाच हिशेब पुढील एका जोडीवर करून घ्यावा. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ १६ अंश ० मिनिटे उत्तर, ७३ अंश ३२ मिनिटे पूर्व येथे आहे, तर गोंदियाजवळील बिर्सी विमानतळ २१ अंश ३२ मिनिटे उत्तर, ८० अंश १७ मिनिटे पूर्व येथे. मध्य अक्षांशाची कोज्या ०.९४७ घ्यावी. उत्तर सुमारे ५०७ सागरी मैल, म्हणजे ९४० किलोमीटरच्या जवळपास यावे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने त्यास किती वेळ लागेल, आणि समोरून ५० किलोमीटरचा वारा असता किती, हे मुलांना स्वतःच काढू द्यावे.